नवेगाव बांधला निघालेलं पार्सल

देजॉन, कोरिया. १४ जानेवारी

तिलकभाऊ,

हे पत्र तुझ्या सेवा केंद्राच्या ई-मेलवर पाठवते आहे, कारण तो पत्ता तुला बंद करता येत नाही. लोकांचे सातबारे, दाखले, पोरांचे फॉर्म सगळं तिथंच येतं. दोन वर्षांपूर्वी माझा फोन बंद केलास, व्हॉट्सअॅपही. हे मात्र उघडावं लागेल. वाचून पुसून टाक, पण आधी वाच.

कैलाशशी साक्षगंध झाल्यावर मी ते मोडून इकडे शिकायला निघून आले. तुझ्या जिवलग दोस्ताचं घर, तूच जमवलेलं. पंचांसमोर तुला हात जोडून उभं राहावं लागलं, हे मला नंतर माझ्या मैत्रिणीनं, मंजूनं सांगितलं. तुझा राग खोटा नाही. पण आज माझ्याबद्दल लिहीत नाही. दिव्याबद्दल लिहिते आहे.

ती कैलाशची बहीण असली तरी माझी पहिलीपासूनची मैत्रीण आहे. भूपेंद्र आमच्याच वर्गातला, आता वनखात्याच्या रोपवाटिकेत आहे. तुला दोघंही माहीत आहेत. आपण पोवार, तो गोंड, म्हणून कैलाश काय म्हणतो हेही तुला माहीत असणार. पाच तारखेपासून गोंदियाच्या कार्यालयात त्यांच्या लग्नाची नोटीस लागली आहे. तीस दिवस ती बोर्डावर राहणार, सहा फेब्रुवारीला सह्या. हे तीस दिवस त्यांना कुठंतरी जीव मुठीत धरून काढायचे आहेत. नोटीस लागल्याच्या चौथ्या दिवशी कैलाश दोन गाड्या घेऊन भूपेंद्रच्या घरी गेला. एवढ्या लवकर त्याला कसं कळलं, कुणास ठाऊक. दोघं त्याच्या आदल्या दिवशीच निघाले होते म्हणून वाचले. ते कुठं आहेत ते मला माहीत नाही. तुलाही विचारत नाही. एवढंच मागते, कैलाशला समजव. तुझं तो ऐकतो.

इथं मराठीत बोलायला कुणी नाही, म्हणून आणखी थोडं लिहिते. त्यांच्यासाठी भेट घ्यायला मी इथल्या जुन्या बाजारात गेले होते. लग्नाच्या सामानाची एक गल्लीच आहे. आधी चांदीचे चमचे आणि खायच्या काड्यांचा जोड पाहिला, इथं नवरा-नवरीला तो देतात. पण दिव्या काड्यांनी भात काय खाणार? शिंपल्याच्या तुकड्यांची नक्षी असलेली काळी पेटी सुंदर होती, पण दागिनेच घरी सोडून निघालेल्या मुलीला पेटी कशी द्यायची? रेशमी रजई फार जड झाली. मग एका म्हाताऱ्या हल्मोनीच्या, म्हणजे आजीच्या दुकानात लाकडी पक्ष्यांची जोडी दिसली. किरोगी म्हणतात, रानहंस. हिवाळ्यात आपल्या नवेगावच्या तलावावर उतरतात तसले. जोडीदार मेला तरी हा पक्षी दुसरा करत नाही म्हणतात. जुन्या काळी नवरदेव हा पक्षी घेऊन मुलीच्या दारी जायचा आणि तिची आई तो पदरात घ्यायची.

मादीच्या चोचीला लाल दोरा बांधलेला होता. मी विचारलं तर हल्मोनी हसली, "नवरीनं कमी बोलावं म्हणून." मी तो सोडायला लावला. मग तिनं विचारलं, "देणाऱ्याच्या घरी सगळं नीट आहे ना? ही जोडी सुखी घरातून जावी लागते." मी हो म्हटलं. खोटं बोलले.

पक्षी माझ्या टेबलावर आहेत. लग्न झाल्यावर पाठवीन.

योगेश्वरी

देजॉन. २२ जानेवारी

तिलकभाऊ,

तू उत्तर दिलं नाहीस. पण पत्र उघडल्याची खूण माझ्याकडे आली आहे.

मी खोटं लिहिलं होतं. पक्षी टेबलावर नव्हते. तुला लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीच ते पोस्टात टाकले होते. सह्या झाल्या झाल्या दिव्याच्या हातात असावेत म्हणून. आणि माझ्या हातून जे झालं आहे ते कसं लिहू?

इथं पार्सलाचा अर्ज फोनवर भरतात. मागच्या वर्षी दिव्याला क्रीम पाठवली होती, तोच जुना अर्ज उघडून मी नाव बदललं, पत्ता बदलला. फोन नंबर बदलायचा राहिला. दिव्याचा जुना नंबर तसाच गेला. ते सिम घर सोडताना तिच्या आईच्या उशीखाली राहिलं होतं आणि आता ते कैलाशच्या फोनमध्ये आहे.

मला हे कसं कळलं? काल दुपारी प्रयोगशाळेत होते. फोनवर 'दिव्या' असं नाव आलं. आनंदानं उचलला.

"योगे, पार्सल येऊन राहिलं मनते कोरियातून. मुंबईत आलं असा मेसेज आहे. कोनासाठी होय?"

कैलाशचा आवाज. ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी फोन कापला. हातातली काचेची नळी फुटली. पार्सल जसजसं पुढं जाईल तसतसे त्याला मेसेज येणार. शेवटचा मेसेज गावाच्या नावासकट येणार. मी इथल्या पोस्टात धावले. तिथल्या बाईनं हात जोडून सांगितलं, देश सोडलेलं पार्सल परत बोलावता येत नाही. नंबरही बदलता येत नाही.

त्या दोघांचे फोन बंद आहेत. पोलिसांत नाव गेलं की गावात जातं, म्हणून ठाण्यात फोन करू नको अशी शपथ दिव्यानं घातली आहे. माझ्याकडे फक्त तू आहेस, आणि तू कैलाशचा दोस्त आहेस.

पार्सल चिचगडला चाललं आहे, मंजूच्या पत्त्यावर. दोघं तिथंच आहेत. देवरीहून तुला अर्ध्या तासाचा रस्ता. जाऊन त्यांना सांग, निघा म्हणावं.

तुला कैलाशला सांगायचं असेल तर तेही आता तुझ्याच हातात आहे.

योगेश्वरी

देजॉन. २५ जानेवारी, रविवार

भाऊ,

मंजूचा फोन आला होता. शुक्रवारी सकाळी तू एकटाच मोटारसायकलवर आलास. पार्सल आलं का म्हणून पोस्टात विचारलंस. मग तिच्या घरी जाऊन, तिच्या पंधरा दिवसांच्या बाळाकडे न पाहता, थेट म्हणालास, "त्या दोघांयले बाहेर काढ, मी नेतो." तिनं इथं कुणीच नाही सांगितलं तेव्हा तू ओट्यावर बसलास, पाणी प्यालास आणि नंबर लिहून देऊन गेलास.

ते चिचगडला नाहीत. कधीच नव्हते. मी तुझी परीक्षा घेतली. कैलाशच्या गाड्या मंजूच्या दारात आल्या असत्या तर मला कळलं असतं की तू सांगितलंस. मंजूला मी आधीच बजावून ठेवलं होतं. बाळंतिणीच्या दारात गाड्या बोलावण्याइतकी मी घाबरले आहे. हे वाचून शिवी दे.

गाड्या आल्या नाहीत. तरीही मला खरा पत्ता लिहवत नाही. तीनदा लिहिला आणि पुसला. मंजू म्हणाली, कैलाश हल्ली रोज तुझ्या केंद्रात येऊन बसतो. तू चहा आणायला उठलास की समोरच्या पडद्यावर कुणाचे डोळे असतात? हे पत्र आत्ता कोण वाचतं आहे, भाऊ?

पार्सल शनिवारी गोंदियात आलं. आज रविवार, उद्या सव्वीस जानेवारी. पोस्ट बंद. दोन दिवस मिळाले. इथं बर्फ पडला आहे, रस्ते पांढरे झाले आहेत, पोरं खेळत आहेत आणि मी दर दहा मिनिटांनी तो पार्सलचा आकडा टाकून पाहते आहे. जेवण जात नाही. 

योगेश्वरी

देजॉन. २७ जानेवारी. तुझ्याकडे सकाळचे साडेसहा

भाऊ,

पार्सल पहाटे गोंदियातून निघालं. आज वाटलं जाणार.

आता लिहिते. नवेगाव बांध. रुख्माबाई, भूपेंद्रची आत्या. तलावाकडच्या शेवटच्या गल्लीत, दारात जाळी सुकत घातलेली असतात ते घर. दोघं मागच्या खोलीत आहेत. रुख्माबाईकडे फोन नाही.

कैलाशला गावाचं नाव कळणारच आहे. घर कळू नये. पार्सल राहू दे. माणसं काढ.

हे वाचणारा तूच असशील तर जा. तू नसशील तर जो कुणी वाचतो आहेस त्याला हात जोडते.

योगेश्वरी

देजॉन. २७ जानेवारी. तुझ्याकडे दुपारचे दोन

भाऊ, 'वितरित' असं आलं आहे. ११:४०. कुणाच्या हातात दिलं ते लिहीत नाहीत. अर्ध्या तासापूर्वी दिव्याच्या नंबरवरून फोन आला. उचलला. पलीकडे वारा होता आणि गाडीचं दार आपटल्याचा आवाज. कुणी बोललं नाही. एक शब्द लिही. फक्त 'आहेत' एवढं लिही.

देवरी. २८ जानेवारी

योगे,

आहेत. दोघंही आहेत. आधी हे वाच आन श्वास घे.

काल लिहायले टाईम भेटला नाही. आता केंद्र बंद करून लिहून राहिलो. तुह्यासारखं शुद्ध मले जमत नाही.

सकाळी सात वाजता तुह्या मेल पाहिलो. गाडी काढलो, कोहमाऱ्यावरून नवेगावले साडेआठले पोचलो. सरळ त्या गल्लीतच जाणार होतो, पण पोस्टासमोर कैलाशची पांढरी गाडी. त्याले पहाटेच गावाच्या नावाचा मेसेज आला असन. तो आन दोघं जण बाकावर बसले होते. त्यानं मले पाहिलं. आता पुढं जावं तर घर दाखवल्यासारखं होते, परत जावं तरी फसलो. म्हणून मी त्याच्याच बाजूले जाऊन बसलो.

"तू कायले आला?" मने.

"तुह्यासाठीच आलो. एकटा काही करून बसशीन मनून."

त्याच्या गाडीत कुऱ्हाड होती, योगे. मागच्या सीटवर, पोत्यात गुंडाळून. दांडा दिसून राहिला होता. मी चहा मागवलो. थंडी आहे म्हटलो.

त्यानं पोस्टमास्तरले पार्सल मागितलं. मास्तर मने, ज्या बाईच्या नावचं आहे तिलेच देईन, नाव सांगणार नाही. मग कैलाश मने, ठीक आहे, येऊ दे तिले, तिच्या मागं जाऊ. मास्तरनं मागच्या दारानं निरोप धाडला असन, अकरा-साडेअकराले रुख्माबाई आली. साठीची बाई, बारकीशी. अंगठा देल्ली, पार्सल घेतली, तिथंच पायरीवर बसून फाडली. लाकडाचे दोन पक्षी काढून सगळ्यायले दाखवली, "पाहा वं, भुपेंदरच्या दोस्तिणीनं काय धाडलं!" मने. मी मनात म्हटलो, ही बाई आता सगळ्यायले मारते.

मग ते खोकं डोक्यावर घेऊन निघाली. पण गल्लीकडं नाही. बांधाच्या पाळीवरून, जंगलाच्या बाजूनं. आम्हाले तिनं वळून एकदाच पाहिलं, तवा समजलं मले. तिले सगळं मालूम होतं. खोकं मिरवलं ते आमच्यासाठीच. कैलाशची माणसं मागं लागली. पाळीवर गाडी जात नाही, पायीच जावं लागते. म्हातारी दहा पावलं चाले, बसे, खोकं खाली ठेवे, पाय चोळे, परत उठे. तासभर असंच नेऊन राहिली.

मी कैलाशले म्हटलो, माह्या पायात काटा गेला, तुम्ही व्हा पुढं. आन मागं फिरलो.

दार दिव्या उघडली. मले पाहून ती किंचाळली नाही, विळा उचलली. तिच्यासाठी मी कैलाशचाच माणूस होतो. मी खालीच बसलो, अंगणात, हात वर करून. म्हटलो, योगेश्वरीनं धाडलं. भूपेंद्र मने, खोटं. मग तुह्या मेल फोनवर दाखवलो. दोघं वाचेपर्यंत मले वाटे, आता पाळीवरून आवाज येईन, आता येईन.

एका गाडीवर तिघं. दिव्याले मधात बसवलो. चादर पांघरून. तुले फोन आला तवा कैलाश पाळीवरून उतरून गाडीत बसून राहिला असन. संध्याकाळी त्याच्याच तोंडून ऐकलो, त्यानं म्हातारीले काही केलं नाही. ती जंगलातल्या देवठाण्यापाशी जाऊन बसली आन मने, मी तं पूजेले आली होती, तुम्ही कायले आले? खोकं त्यानं घेतलं आन तलावात फेकलं. तुह्ये पक्षी गेले, योगे.

दोघांयले घेऊन मी घरीच आलो. आपल्या घरी. कैलाश जगात सगळीकडं पाहीन, माह्या घरात पाहणार नाही मनून. माय धान्याच्या खोलीत उभी राहिली, दोघांकडं पाहिली, मले वाटलं आता हाकलते. मने, "पोरी, सकाळपासून काही खाल्ली का?" संध्याकाळी कैलाश आला. ओसरीवर बसून त्यानं चहा पिला. मधात एक भिंत. आतून दिव्याले ठसका आला तं माय एवढ्या जोरानं खोकली का मलेच खरं वाटलं. कैलाश मने, "काकी, दवा घ्या." एवढ्या मायेनं मने तो. तोच माणूस, ज्याच्या गाडीत पोतं होतं. मले रडू आलं, कोनासाठी ते मालूम नाही.

आता एक गोष्ट आहे. ती लिहायची नव्हती.

तू लिहिली होतीस, एवढ्या लवकर कैलाशले कसं कळलं. केंद्राच्या कामानं मी गोंदियाले जात असतो. सात तारखेले बोर्डावर दिव्याचं नाव मीच वाचलो. कैलाशले मीच फोन लावलो. गाड्या त्यावरूनच निघाल्या. तुह्या राग होता माह्या मनात, तो असा निघाला. वाटलं, तो जाईन, ओरडीन, पोट्टीले घरी आणीन, बस. पोतं पाहिलो तवा समजलं, मी काय केलो.

चिचगडले तू परीक्षा घेतलीस मनते. मी पास झालो असं समजू नको.

तिलक

देजॉन. २९ जानेवारी

भाऊ,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं. 'आहेत' वाचून खाली बसले. शेवट वाचून पुन्हा उभी राहिले.

दोन आठवडे मी ज्याच्यापुढे पदर पसरत होते, आग त्यानंच लावली होती. आणि विझवायलाही तोच गेला. तुझा राग करू की तुझ्या पाया पडू? मला काही ठरवता येत नाही, आणि ते माझ्या ठरवण्यात नाहीच. दिव्या तुझ्या घरात झोपते आहे, मायच्या हातचं जेवते आहे, तिला वाटतं तू देव आहेस. मी तिला काही सांगणार नाही. तुला सांगावं लागेल. ते ऐकून ती घरातून निघून गेली तर?  पण तुझ्यामुळे लपली आहे हे माहीत नसताना तिनं तुझ्या घरात नऊ दिवस राहायचं, हे मला त्याहून भीतीचं वाटतं.

पक्षी गेले ते जाऊ दे. ते मी पाठवायलाच नको होते. इतक्या लांबून प्रेम दाखवायची मला घाई झाली होती.

रुख्माबाईला माझा नमस्कार सांग. ती बाई मला रोज दिसते, खोकं डोक्यावर घेतलेली.

योगेश्वरी

देवरी. ६ फेब्रुवारी

योगे,

झालं. आता सांगतो.

दिव्याले मी तवाच सांगणार होतो. रोज खोलीच्या दारापर्यंत जाओ आन परत येओ. भेव वाटे का ती निघून जाईन आन गावाच्या बाहेर कैलाशच्या हातात पडीन. असं सोतालेच सांगून नऊ दिवस काढलो. खरं तं मले माह्याच तोंडाचं भेव होतं.

आज अंधार असतानाच निघालो. माय दोघांयले कपाळाले हळद लावली. गोंदियाले पोचलो तं एक साक्षीदार कमी. भूपेंद्रचा मित्र येणार होता, त्याच्या घरच्यायनं रात्रीच फोन काढून घेतला. तीन सह्या लागतात, दोनच माणसं. साहेब मने, बारा वाजेपर्यंत आणा नाही तं सोमवारी या. सोमवारपर्यंत कुठं ठेवू यायले? भूपेंद्र माह्याकडं पाहून राहिला. दिव्या मने, "भाऊ, तुम्हीच करा ना सही."

तवा मले सांगावंच लागलं. त्या व्हरांड्यात, त्याच बोर्डाखाली. म्हटलो, "ही नोटीस मीच वाचून कैलाशले सांगतली होती. माही सही घ्यायची का नाही ते तू पाहा."

भूपेंद्रनं माही कॉलर धरली. लोक पाहून राहिले होते.  दिव्या भिंतीले टेकून उभी राहिली. तिच्या कपाळावरची हळद घामानं खाली उतरून राहिली होती. मले वाटलं थुंकीन. थुंकली असती तं मी पुसलो नसतो.

मग ती भूपेंद्रचा हात माह्या कॉलरवरून काढली. मने, "नंतर बोलू. आत्ता चला, साहेब उठून राहिला."

सही केलो. रजिस्टरमधी माह्या नावाच्या खाली पत्ता लिहायचा असते, तिथं आपलं घर लिहिलो.

बाहेर कैलाश उभा होता. आज तारीख होती, ते त्याले बोर्डावरूनच माहीत होतं. पोलीस दारात होते मनून तो रस्त्याच्या पलीकडं, टपरीपाशी. ठाण्यात फोन मीच लावलो होतो, दिव्यानं तुले घातलेली शपथ मी मोडलो. दोघं पोलिसायच्या जीपमधी बसले, जीप निघाली, कुठं ते मी तुले लिहिणार नाही. तुलेही नाही.

कैलाशनं जीपकडं पाहिलंच नाही. माह्याकडं पाहून राहिला. मी रस्ता ओलांडून त्याच्याकडं गेलो.  तो मने, "तू होता काय रे?" एवढंच. लहानपणी खेळताना डोळ्यात माती गेल्यावर त्याचा आवाज असाच होत होता. मी म्हटलो, "हो. दोन्ही वेळी मीच होतो, तुले सांगणाराही आन यायले लपवणाराही."

त्यानं मारलं नाही. गाडीत बसला आन गेला. मारलं असतं तं बरं झालं असतं, हिशेब झाला असता. आता तो कधी येईन, कुठं येईन, मले मालूम नाही. माय दाराले आतून कडी लावून बसली आहे.

उद्या शनिवार, लोकांचे फॉर्म आहेत. दहा वाजता केंद्र उघडतो.

तिलक